मिक्स मीडियात सगळं एकत्र केलं की चिखल का होतो? आणि इतक्यात कार्यशाळा घ्यावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही ऐरोलीला राहता, नोकरी सांभाळून दोनेक वर्षं मिक्स मीडिया, म्हणजे रंग, कागद, कापड असं वेगवेगळं सामान एकाच कामात वापरणं, करता आहात. बऱ्याच कार्यशाळा करून झाल्या. तिथे केलेलं काम छान उतरतं, पण घरी बसलात की थरावर थर चढत जातात आणि शेवटी करडा-तपकिरी चिखल उरतो. चुकून एखादं बरं झालंच, तर ते शिकवणाऱ्या बाईंच्या कामासारखं दिसतं. मागच्या पावसाळ्यात दोन कामं एकमेकांना चिकटली, एकाला बुरशी आली. आणि आता सोसायटीतल्या मैत्रिणी मागे लागल्यात की आमची कार्यशाळा तूच घे. तर स्वतःचे प्रयोग करायचे कसे, इतर कलाकारांना प्रेरणा द्यायची कशी, आणि शिकवायला बसायचं की नाही?

मी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्याचा पोटमाळा भाड्याने घेतलाय. काम तिथेच आणि शिकवणंही तिथेच. खाली लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, काम चालतं, वर माझं. जे सांगते आहे ते या पोटमाळ्यावरून दिसलेलं आहे; दुसऱ्या कुणाचा अनुभव वेगळा असेल.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, मला त्यात एकच दिसतो. तुम्हाला आतापर्यंत चित्रं करायला शिकवली गेली, सामानाची ओळख कुणी करून दिली नाही. यात कुणाला दोष देत नाही. तीन तासांच्या कार्यशाळेत पैसे भरून आलेल्या माणसाला घरी न्यायला काहीतरी देखणं हवं असतं. मग घेणारी बाई काय करते? रंग चारच ठेवते, तेही एकमेकांशी जुळणारे. कोणता कागद आधी चिकटवायचा, कधी ड्रायर मारायचा, स्टेन्सिल कुठे ठेवायची, हे तिने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. तुमच्या हातात येतं ते तिच्या निर्णयांचं फळ. घरी आल्यावर तेच निर्णय तुम्हाला घ्यायचे असतात आणि ते कशाच्या आधारावर घ्यायचे याची माहितीच तुमच्याकडे नसते. मग समोर आहे ते सगळं वापरून पाहणं एवढंच उरतं.

आता आधीच सांगून टाकते की पुढचं सगळं काही अटींवर अवलंबून आहे. भेट द्यायला, घरात लावायला काम करत असाल तर निम्मी काळजी सोडून द्या. विकायचं असेल, प्रदर्शनात लावायचं असेल, तर काम वीस वर्षं टिकेल का हा प्रश्न तुमचाच आहे. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर रेझिन (दोन द्रव मिसळले की काचेसारखं घट्ट होणारं प्लॅस्टिक), स्प्रे आणि स्पिरिटची कामं घरात करूच नका. खिडकी खाडीच्या बाजूला असेल तर पावसाळ्याबद्दल मी खाली लिहिलंय ते दुप्पट गांभीर्याने घ्या.

आधी चिखलाबद्दल. त्याची कारणं कलात्मक कमी आणि साधी जास्त असतात. पहिलं, खालचा थर वाळायच्या आत वरचा येतो. अ‍ॅक्रिलिक वरून कोरडं लागतं पण आत ओलं असतं; त्यावर ब्रश फिरला की खालचा रंग उचलला जातो. नारिंगीवर निळा असा फिरला की करडा होणारच. दुसरं, सगळ्यात पांढरा मिसळायची सवय. टिटॅनियम पांढरा अतिशय झाकणारा रंग आहे. तो प्रत्येक रंगात गेला की सगळे रंग सारख्याच उजेडाचे, खडूसारखे होतात. मग कितीही रंग असले तरी डोळ्याला एकच पट्टा दिसतो. तिसरं, ट्यूबवर पारदर्शक की अपारदर्शक हे लिहिलेलं असतं ते कुणी वाचत नाही. चांगल्या कंपनीच्या ट्यूबवर छोटा चौकोन असतो: रिकामा म्हणजे पारदर्शक, भरलेला म्हणजे झाकणारा. वरचे थर पारदर्शक ठेवलेत तर खालची छापील अक्षरं, कापडाचा पोत, सगळं जिवंत राहतं. आणि चौथं कारण म्हणजे पहिल्या थराची एकही जागा उघडी न सोडणं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते, पहिल्या थराचा तळहाताएवढा तुकडा शेवटपर्यंत झाकायचा नाही. आवडो न आवडो. एवढ्या एका नियमाने निम्मा चिखल कमी होतो.

थर वाळल्यावर त्यावर मॅट मीडियमचा (रंग नसलेल्या, न चमकणाऱ्या पारदर्शक लेपाचा) पातळ हात द्यायचा आणि तोही वाळू द्यायचा. मग वरचा थर बिघडला तर तो वाळायच्या आत ओल्या फडक्याने पुसता येतो आणि खालचं शाबूत राहतं. हे पुसून मागे जाता येणं फार मोठी सोय आहे. त्याशिवाय माणूस घाबरत घाबरत काम करतो किंवा बिघडलं म्हणून आणखी थर चढवतो.

आता प्रयोगाबद्दल, कारण खरी गोम इथे आहे. दहा वस्तू एका फलकावर आणून काय होतं ते बघणं, याला मी प्रयोग म्हणत नाही. छान झालं तर का झालं ते कळत नाही, बिघडलं तरी का ते कळत नाही. मी पोस्टकार्डाएवढे तुकडे कापून ठेवते. सुताराकडे एमडीएफच्या कापणीतल्या पट्ट्या पडलेल्या असतात, त्या चालतात. जाड पुठ्ठाही चालतो. एका तुकड्यावर दोनच वस्तू आणि एकच प्रश्न. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहायचं: काय लावलं, कशावर लावलं, पाणी किती, वाळायला किती वेळ दिला, तारीख. प्रश्नही लिहायचा. ‘याने काय होतं बघू’ हा प्रश्न नाही. ‘पॉलिश पेपर मारलेल्या लग्नपत्रिकेवर रंग धरतो का?’ हा प्रश्न आहे. (धरतो. न घासलेल्या चकचकीत पत्रिकेवरून मात्र नखाने सोलून निघतो.)

एक उदाहरण जवळून सांगते. एका शनिवारी एकीने लांबी, म्हणजे रंगाआधी भिंतीला लावतात ती पुट्टी, पुठ्ठ्यावर ओढून तिच्यावर हळदीचं पाणी फिरवलं. पिवळं व्हायला हवं होतं, बघता बघता विटकरी लाल झालं. शेजारच्या पुठ्ठ्यावर गेसो (रंगाआधी लावायचा पांढरा अस्तर-लेप) होता, तिथे तीच हळद पिवळीधमक. टेबलाभोवती सगळ्या जमल्या. कारण आपल्या आज्ज्यांना ठाऊक होतं: हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू तसंच करायचे. पांढऱ्या सिमेंटची लांबी क्षारधर्मी असते म्हणून तिथे लाल, गेसोत ती क्षारता नाही म्हणून पिवळं. इथपर्यंत गंमत झाली. मग मी ते दोन्ही तुकडे अर्धे काळ्या कागदाने झाकून पश्चिमेच्या खिडकीत ठेवायला लावले. उन्हाळा संपेपर्यंत उघड्या अर्ध्या भागातली हळद उडून गेली होती. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, आणि हे वाचून कळण्यापेक्षा स्वतःच्या तुकड्यावर बघितलेलं माणूस विसरत नाही. त्या बाई आता हळद वापरतात, पण मुद्दाम उडून जाणाऱ्या कामांसाठी, आणि विकत घेणाऱ्याला तसं सांगून. दोन वस्तू आणि एक प्रश्न यातून त्यांना स्वतःची एक वाट मिळाली. ती मी शिकवलेली नव्हती.

दुसरं उदाहरण माझं. खालच्या लेथमधून लोखंडाचा कीस गोण्या भरून निघतो. तो मी सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन घेते, कारण त्याला कटिंग ऑइल असतं आणि तेलावर गंज धरत नाही. ओल्या सुती कापडावर पसरायचा, व्हिनेगर आणि मीठ शिंपडायचं, प्लॅस्टिकने झाकायचं. सकाळपर्यंत नारिंगी-तांबूस नक्षी उतरते. तेच कापड आधी काळ्या चहात किंवा हिरड्याच्या पाण्यात बुडवलं असेल तर गंजाऐवजी काळा-निळसर रंग येतो. टॅनिन आणि लोह भेटलं की काळं होतं. कलमकारीतला काळा रंगही याच तत्त्वावर, लोखंड आणि गूळ आंबवून केलेल्या पाण्याचा असतो. मी कित्येक महिने फक्त एवढंच करत होते: कापड तेच, लोखंड तेच, बदलायचा तो फक्त चहाचा कडकपणा. बाहेरून बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल. पण आज मला हव्या त्या जागी हवा तेवढा काळा आणता येतो, आणि लोक माझं काम ओळखतात ते त्या काळ्यावरून. एक सावधगिरी: गंज कापडाला हळूहळू खातो. म्हणून नक्षी उतरली की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवायचं, वाळवायचं आणि मग अ‍ॅक्रिलिक मीडियमने फलकावर पक्कं चिकटवायचं.

एवढं आवळून घेतलं तर सर्जनशीलता कुठे उरली, असं कुणी ना कुणी विचारतंच. मोठ्यांची कामं बघा. पिकासोने १९१२ साली एका स्थिरचित्रात वेताच्या विणीचं चित्र छापलेलं ऑइलक्लॉथ (मेणकापड) चिकटवलं आणि भोवती दोर गुंडाळला. वस्तू मोजून दोन, पण खरं काय आणि चितारलेलं काय हा प्रश्न त्यातून उभा राहिला. अमेरिकन कलाकार रॉबर्ट रॉशेनबर्गने पेंढा भरलेली बकरी घेतली आणि तिच्या कमरेला टायर घातला, ते ‘मोनोग्राम’ हे काम १९५५ ते १९५९ असं चाललं होतं. बकरी आधी भिंतीवरच्या फलकाला लावली, मग उभ्या फलकापुढे ठेवली, आणि शेवटी फलकच आडवा करून तिला त्यावर उभी केली. बकरी तीच, प्रश्न एकच: ती उभी कुठे करायची? आपल्या इथले चित्रकार प्रभाकर बरवे घ्या. दुकानाच्या पाट्यांना वापरतात तसला एनॅमल रंग त्यांनी वर्षानुवर्षं हाताळला आणि त्यातून जो सपाट, थंड अवकाश काढला तो दुसऱ्या कुणाचा वाटत नाही. चित्रकार वासुदेव गायतोंडे ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफवर जास्त विसंबायचे. यांच्यापैकी कुणीही क्राफ्टच्या दुकानातली नवी आलेली प्रत्येक वस्तू घरी आणत नव्हतं. आपण आणतो, मी पण मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटच्या बाजारात गेले की पिशवी भरूनच येते. पण ती कपाटात ठेवते, एका वेळी एकच बाहेर काढते.

बाईंसारखं दिसणं यातूनच सुटतं. त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. तुमचे तुकडे पंचवीस-तीस झाले की ते जमिनीवर मांडा. तुमचा हात पुन्हा पुन्हा कुठे जातो ते दिसेल: कुणी फाडलेल्या कडांकडे, कुणी अर्धवट झाकलेल्या अक्षरांकडे, कुणी शिवणीकडे. तिकडे जा.

आता काय कशावर बसतं याबद्दल थोडं, कारण यात लोक पैसे घालवतात. तेलाच्या वस्तूवर पाण्याची वस्तू बसत नाही. ऑइल पेस्टल, मेणखडू, तैलरंग यांच्यावर अ‍ॅक्रिलिक लावलं की आज दिसतं छान, पुढे पापुद्रे सुटतात. उलट चालतं, अ‍ॅक्रिलिक पूर्ण वाळल्यावर वरून ऑइल पेस्टल खुशाल लावा. वर्तमानपत्र लवकर पिवळं पडतं, लाकडाच्या लगद्यातल्या लिग्निनमुळे. पिवळेपणा हवा असेल तर वापरा, नको असेल तर चांगल्या कागदावर झेरॉक्स काढा. झेरॉक्स आणि लेझर प्रिंटचा टोनर म्हणजे उष्णतेने बसवलेली प्लॅस्टिकची पूड, तो पाण्याने पसरत नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई बहुतेक वेळा पसरते. मॉलची बिलं थर्मल कागदाची असतात. उष्णता किंवा स्पिरिट लागलं की काळी, उजेडात राहिली की कोरी. आठवणीचं बिल असेल तर आधी झेरॉक्स.

फेव्हिकॉल चालतो का हा नेहमीचा प्रश्न. पुठ्ठ्याच्या सरावाला चालतो. पण वाळल्यावरही ओल लागली की तो मऊ होतो, त्यामुळे आपल्या हवेत, टिकवायच्या कामाला, अ‍ॅक्रिलिक मीडियम किंवा त्याचंच घट्ट रूप, जेल. ते महाग पडतं हे खरं. बाइंडिंगवाल्यांची खळ मला आवडते, कागद तिने जितका सपाट बसतो तितका कशानेच बसत नाही. पण पिठाची खळ म्हणजे कसरीला आणि बुरशीला आमंत्रण. म्हणून तिच्यात मोरचूद घालतात, आणि मोरचूद विषारी आहे. स्वयंपाकघरातल्या भांड्यात ती खळ शिजवू नका. मिथाइल सेल्युलोजची खळ मिळाली तर उत्तम, तिला बुरशी सहसा लागत नाही.

पावसाळा. हवेतली आर्द्रता सलग ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे ती बहुतेक वेळा ८०च्या आसपास किंवा वरच असते. म्हणजे तुमच्या कामाला बुरशी आली यात तुमचं काही चुकलं असं नाही, पण तिला खायला काय मिळालं ते बघा. पिठाची खळ, सुकी पानंफुलं, डाळी, मसाले, चहाची पूड, हातमागाच्या कापडाची कांजी. खाण्याच्या वस्तू कामात लावायची आता फॅशन आहे. माझं मत विचाराल तर डाळीतांदळाची रांगोळी करावी, फ्रेम करू नये. आलेली बुरशी ओल्या फडक्याने पुसू नका, ती पसरते. काम बाकीच्यांपासून वेगळं काढा, पंख्याखाली पूर्ण वाळू द्या, मग तोंडाला मास्क लावून गॅलरीत मऊ कोरड्या ब्रशने झाडा.

कामं एकमेकांना चिकटतात कारण अ‍ॅक्रिलिकचा थर म्हणजे मुळात प्लॅस्टिक, उकाड्यात तो मऊ पडतो. दोन रंगवलेल्या बाजू समोरासमोर आल्या आणि वर वजन पडलं की संपलं. मधे साधा बटर पेपर घालू नका, दमट हवेत तोच चिकटून बसतो. बेकिंगला वापरतात तो सिलिकॉनचा लेप असलेला पार्चमेंट कागद घाला आणि कामं पुस्तकांसारखी उभी ठेवा. बबल रॅप रंगाला थेट लावला तर त्याचे गोल ठसे कायमचे उमटतात, हे प्रदर्शनाला कामं टेम्पोने नेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

फलक वाकतो त्याचं कारण एकाच बाजूची ओढ. पुढे कागद चिकटवला की तो वाळताना आकसतो. मागेही तसलाच कागद तितक्याच ओलीत चिकटवा, दोन्ही ओढी बरोबर होतात. मोठ्या कामाला सहा एमएम प्लायला मागून पट्ट्या ठोकून घ्या. व्हार्निशचा स्प्रे पावसाळी दिवशी मारलात तर दुधाळ पांढुरका पडदा येतो, तो सहजासहजी जात नाही, ऑक्टोबरपर्यंत थांबा. फ्रेमवाल्याला सांगा की काच आणि काम यांच्यात पट्टी घालून जागा ठेव, आणि फ्रेमच्या मागच्या चार कोपऱ्यांना रबराची बटणं लाव म्हणजे भिंतीची ओल थेट फ्रेमला लागत नाही. तो ‘काही गरज नाही मॅडम’ म्हणेल. तरी लावून घ्या.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर: तुकड्यावर दोन वस्तू, एक प्रश्न, मागे नोंद, थर वाळू देणं, पाण्याचं खाली, तेलाचं वर, आणि खाण्याजोगं काही न लावणं. एवढं तुमच्या हातात आलं की तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येता येतं.

कार्यशाळा घ्या. कलाकार म्हणून सिद्ध झाल्यावरच शिकवावं असं मी मानत नाही. पण तुम्ही ज्या कार्यशाळांना गेलात तशी घेऊ नका, कारण मग तुम्ही तुमच्या बाईंचे निर्णय तुमच्या मैत्रिणींना विकाल. एखाद्या शिक्षिकेची ठरावीक रचना किंवा पद्धत जशीच्या तशी शिकवायची असेल तर तिला विचारा आणि वर्गात तिचं नाव घ्या. तंत्रावर कुणाचा मालकी हक्क नसतो. रचना मात्र ज्याची त्याची असते.

माझ्याकडच्या पहिल्या सत्राची पद्धत सांगते, हवी तर घ्या, बदला. आठ ते दहा जणी, त्याहून जास्त नको. ओल्या टेबलाभोवती तेवढ्यांनाच नीट बघता येतं. येताना प्रत्येकीने घरातल्या कागदांची एक पिशवी आणायची: वीजबिलं, पत्रिका, मुलांच्या वह्या, औषधांची खोकी. पहिला अर्धा वेळ सगळ्यांना तेच दोन पदार्थ, म्हणजे एक कागद आणि एक मीडियम, आणि प्रत्येकीने बदलायची गोष्ट एकच. कुणी पाणी बदलतं, कुणी कागदाची बाजू, कुणी थांबायचा वेळ. मग सगळे तुकडे मांडायचे आणि ज्याचा तुकडा आहे त्याने गप्प बसायचं. बाकीच्यांनी तो कसा झाला असेल ते ओळखायचं. हा अर्धा तास सगळ्यात दंग्याचा असतो आणि शिकवणं तिथेच होतं, मला फारसं बोलावं लागत नाही. दुसऱ्या अर्ध्यात प्रत्येकीने एक तुकडा निवडायचा. शक्यतो स्वतःचा नाही, दुसरीचा. आणि तो मोठ्या फलकावर पुढे न्यायचा.

यात काहीजणी नाराज होतात. घरी नेऊन दिवाणखान्यात लावण्यासारखं काही होतंच असं नाही. म्हणून जाहिरातीत आधीच स्पष्ट लिहा, आणि तुमच्या सगळ्यात सुंदर चित्राचा फोटो टाकू नका, तुकड्यांचा टाका. मग येणारी माणसंही तशीच येतात.

आणि अशा वेळी शिकवणारीच शिकते. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका जुनी पुठ्ठ्याची तिकिटं घेऊन आले होते, ती छोटी, जाड. चिकटवायला जीव होत नव्हता. मी झेरॉक्स सुचवलं. त्यांनी मान हलवली आणि भलतंच केलं: तिकिटावर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिलीचं शिसं घासलं. तारखेचा दाबलेला ठसा, तिकीट तपासनिसाने मारलेलं छिद्र, झिजलेले कोपरे, सगळं कागदावर उगवलं. ही युक्ती जुनी आहे, जर्मन चित्रकार माक्स अर्न्स्टने १९२५ साली लाकडी फरशीवर कागद ठेवून असंच घासलं होतं. काकांना ते नाव माहीत नव्हतं, आणि माहीत असलेल्या मला ते त्या वेळी सुचलं नव्हतं. त्या दिवशी बाकीच्यांनी आपापली पिशवी बाजूला ठेवली आणि खोलीतली जाळी, चाव्या, बुटाचे तळवे, लेथवरचा एक गिअर, जे दिसेल ते घासायला घेतलं. चेंदणी कोळीवाड्यातल्या एका मुलीने पुढच्या वेळी मासेमारीची जाळी आणली. माझ्या अलीकडच्या कामात जाळीचा पोत आहे तो तिथून आलाय, आणि विचारलं की मी तसं सांगते.

इतर कलाकारांना प्रेरणा कशी द्यायची असंही तुम्ही विचारलंय. भाषणाने होत नाही. झालेलं काम दाखवूनही फारसं होत नाही, समोरचा ‘वा’ म्हणतो आणि थोडा खचतो. बिघडलेले, अर्धवट तुकडे मागच्या नोंदींसकट समोर ठेवले की मात्र माणसं पुढे सरकून बघायला लागतात. आम्ही काहीजण महिन्यातून एकदा जमतो, प्रत्येकाने तीन तुकडे आणायचे आणि त्यातला एक दुसऱ्याला देऊन टाकायचा. एवढाच नियम. तुम्ही ऐरोली-घणसोली-कोपरखैरणे या पट्ट्यात असं सुरू केलंत तर ट्रान्स हार्बर लोकलच्या मार्गावर तुम्हाला माणसं मिळतील. ठाण्याहून यायला मीही तयार आहे. कापूरबावडीच्या कलाभवनात किंवा बेलापूरच्या अर्बन हाटला काही लागलं असेल तेव्हा एकत्र बघायला जाणं हाही चांगला बहाणा आहे.

थोड्या व्यवहाराच्या गोष्टी. पहिल्या कार्यशाळेत रेझिन नको, मैत्रिणी कितीही मागे लागल्या तरी. इपॉक्सी रेझिन घट्ट करणारं हार्डनर कातडीला लागत राहिलं की अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि ती पुढे सहसा जात नाही. हातमोजे, खेळती हवा, योग्य फिल्टरचा मास्क हे सगळं क्लबहाऊसमध्ये दहा जणींसाठी जमणार नाही. शिवाय दमट हवेत रेझिनवर तेलकट, पांढुरका थर येतो. कटर कमी ठेवा, कागद फाडायला लावा. फाडलेली कड दिसतेही चांगली. रंगाचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, बादलीत साठवा, गाळ खाली बसला की वरचं पाणी ओता आणि गाळ कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. सोसायटीच्या नळांचे पाइप तुंबले तर दुसरी कार्यशाळा होणार नाही.

फी घ्या. मैत्रिणी आहेत म्हणून फुकट करू नका. सामान, जागा, शिकवण्याचे तास आणि तयारीचे तास हे चारही धरा. तयारीला शिकवण्याच्या दुप्पट वेळ जातो आणि तोच हिशेबात धरायचा राहून जातो. संकोच वाटत असेल तर पहिल्या वेळी फक्त सामानाचे पैसे घ्या, पण तसं सांगून, म्हणजे दुसऱ्या वेळी रक्कम वाढली की कुणाला आश्चर्य वाटत नाही. तारीख नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली धरा. दिवाळीनंतर माणसं मोकळी असतात आणि थर अर्ध्या तासात वाळतात. जुलैत तीच गोष्ट करायला गेलात तर अख्खी दुपार ड्रायरच्या आवाजात जाईल.

तोपर्यंत तुमच्याकडे चार-पाच महिने आहेत. तेवढ्यात दोन वस्तू निवडा आणि तुकडे करा. अडलं तर फोटो टाका, मात्र तुकड्याच्या मागच्या बाजूचाही; नुसत्या पुढच्या बाजूवरून मला काही सांगता येणार नाही.